कोंबडीचं वय आणि तिचं खाद्य: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आमचं तीन हजार पक्ष्यांचं ब्रॉयलरचं, म्हणजे मांसाच्या कोंबड्यांचं शेड आहे, मधली चार वर्षं लेअर, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्या पण केल्या, आणि परसात सासूबाईंच्या वेळेपासूनच्या गावरान कोंबड्या आहेतच. त्यामुळं गावातून, पाहुण्यांतून, नवीन शेड टाकणाऱ्या पोरांकडून सारखे प्रश्न येतात आणि त्यातले निम्मे फिरून फिरून एकाच जागी येतात: याला काय घालू आणि किती घालू. मी आधी विचारते, वय किती? कारण तेच पोतं, तोच मका, पण पाच दिवसांचं पिल्लू त्यातून जे काढून घेतं आणि ऐंशी आठवड्यांची कोंबडी जे काढून घेते त्यात खूप फरक असतो. म्हटलं सगळं एकदा नीट लिहूनच ठेवावं.

वय वाढलं की कोंबडीच्या शरीरात नक्की बदलतं काय?

तीन गोष्टी. एक, पचवायची ताकद, म्हणजे खाल्लेल्यातलं किती अंगी लागतं. दोन, खाल्लेल्यातलं किती नुसतं जिवंत राहण्यात जातं आणि किती वाढीला उरतं. आणि तीन, उरलेल्यातून शरीर काय बांधतं, मांस, हाड, पिसं, चरबी की अंडं. पिल्लाची पहिली गोष्ट कच्ची असते, मोठ्या ब्रॉयलरची दुसरी महाग पडते, आणि अंड्यावरच्या कोंबडीचा सगळा खेळ तिसऱ्या गोष्टीत. खाली जे काही लिहिलंय ते सगळं या तिन्हींतच बसतं.

हॅचरीतून पिल्लं आपल्याकडं पोचेपर्यंत दीड-दोन दिवस जातात, तोवर ती काय खातात?

पोटातला बलक. अंड्यात २१ दिवस पिल्लू बहुतेक करून बलकातल्या चरबीवर वाढतं, आणि बाहेर यायच्या आधी राहिलेला बलक पोटात ओढून घेतं. चाळीस-बेचाळीस ग्रॅमच्या पिल्लात हा बलक पाच-सहा ग्रॅम तरी असतो. त्यात चरबी असते, प्रोटीन असतं आणि आईकडून आलेल्या रोगप्रतिकारक अँटीबॉडीजही असतात. म्हणून पिल्लू दोन दिवस, ताणलं तर तीन दिवस निभावतं.

पण निभावणं वेगळं आणि वाढणं वेगळं. जुने लोक सांगायचे की बलक जिरेपर्यंत पिल्लाला खाद्य दाखवू नका. हे उलटं आहे. दाणा पोटात गेला की आतडी हलायला लागतात आणि बलकही लवकर वापरला जातो, उपाशी पिल्लाचा बलक उगाच रेंगाळतो. अँटीबॉडीजचा भाग तर इंधन म्हणून जाळायचाच नसतो, तो पिल्लाच्या पहिल्या दिवसांच्या संरक्षणाला असतो. त्यामुळं गाडी दारात लागली की आधी पाणी आणि पाठोपाठ लगेच खाद्य, पेपरवर पसरून द्या, भांड्याची वाट बघू नका.

मग गूळपाणी द्यायचं की नाही?

लांबचा प्रवास असेल तर पहिले काही तास हलकं गोड पाणी द्यायला हरकत नाही. अंडं फोडून बाहेर यायच्या धडपडीत पिल्लाच्या यकृतातली साखरेची शिल्लक जवळपास संपलेली असते, तेवढी भरून निघते. पण दोन-दोन दिवस गूळपाणी चालू ठेवलं की विष्ठा पातळ होते, खाली पसरलेलं तूस ओलं होतं, आणि पिल्लू गोडावर पोट भरून खाद्य कमी खातं.

ब्रूडरच्या, म्हणजे पिल्लांना ऊब देणाऱ्या शेगडी-दिव्याच्या, उबेचा आणि खाद्याचा काय संबंध?

फार जवळचा संबंध आहे, आणि नवीन लोक इथंच सगळ्यात जास्त नुकसान करून घेतात.

मोठी कोंबडी आपलं अंग ४१ डिग्री सेल्सिअसच्या आसपास स्वतः राखते. एक दिवसाच्या पिल्लाला ते जमत नाही, अंगावर नुसती लव असते, मांस थोडं, उष्णता तयार करायची यंत्रणा अजून बसायची असते. पूर्ण जमायला दोन-तीन आठवडे लागतात. तोवर बाहेरून ऊब दिली नाही तर ते स्वतःचा बलक आणि खाल्लेलं खाद्य ऊब धरायला जाळतं, मग आतडी आणि हाडं कशातनं बांधणार? शिवाय गारठलेली पिल्लं एकमेकांवर चढून कोपऱ्यात बसतात, भांड्याकडं येतच नाहीत. म्हणून पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीवर ९५ फॅरेनहाइट आणि पुढं दर आठवड्याला पाच-पाच डिग्रीनं कमी, हा जो हिशेब सगळे सांगतात तो खरं तर खाद्याचाच हिशेब आहे. कोळसा, गॅस किंवा लाइट वाचवायला जाऊन आपण मक्याची आणि सोयाची ऊब पिल्लाला देतो, आणि ती ऊब कितीतरी महाग.

पोटं चाचपून बघा. पिल्लं सोडल्यावर आठ-दहा तासांनी दहा-वीस पिल्लं हातात घ्यायची, गळ्याजवळची पिशवी मऊ आणि भरलेली लागली पाहिजे. रिकामी लागली तर आधी ऊब तपासा, मग पाणी, आणि मग खाद्य.

पहिल्या आठवड्याचं प्री-स्टार्टर खाद्य इतकं महाग असतं, पहिल्या दिवसापासून त्याच्यापुढचं स्टार्टरच दिलं तर चालत नाही का?

चालतं असं वाटतं, पण पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या आत काय चाललेलं असतं ते बघा. ४२ ग्रॅमचं पिल्लू सात दिवसांत १७० ते २०० ग्रॅमचं होतं, म्हणजे चौपटीच्या वर, आणि छोटं आतडं तर बाकी अंगापेक्षाही वेगानं वाढतं. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखे जे धागे असतात, ज्यातून अन्न शोषलं जातं, ते याच दिवसांत लांब होतात. स्वादुपिंडातून येणारे पाचक रस दिवसागणिक वाढत जातात, पण सुरुवातीला खाद्याच्या मानानं कमीच पडतात. इस्रायलमधल्या नॉय आणि स्क्लान यांचं १९९५ मधलं काम आहे, त्यात चौथ्या दिवशी प्रोटीनमधल्या नायट्रोजनचं पचन साधारण ७८ टक्के होतं आणि २१ व्या दिवशी ते ९२ टक्क्यांच्या घरात गेलं. म्हणजे त्याच घासातलं प्रोटीन लहान पिल्लू जास्त वाया घालवतं. म्हणून पहिल्या आठवड्याचं खाद्य जास्त प्रोटीनचं, चांगल्या पचणाऱ्या कच्च्या मालाचं आणि बारीक दाण्याचं (क्रंबल) असं लागतं.

आणि महाग महाग म्हणताना हिशेबही बघा. एक पिल्लू पहिल्या आठवड्यात दीडशे ग्रॅमच्या आसपास खातं. तीन हजार पिल्लं म्हणजे साडेचारशे किलो, पन्नास किलोची नऊ पोती. आणि आख्खी बॅच निघेपर्यंत पक्ष्यामागं साडेतीन किलो धरलं तरी दोनशे दहा पोती लागतात. त्या दोनशे दहातल्या नऊ पोत्यांत काटकसर करून काय मिळणार? पहिल्या आठवड्यात मागं पडलेलं वजन पुढं सहसा भरून निघत नाही, आमच्याकडं तरी ज्या बॅचचं सातव्या दिवसाचं वजन कमी आलं त्यातली एकही शेवटाला चांगली गेलेली नाही.

पिल्लांच्या खाद्यात तेल किंवा चरबी घातली तर लवकर वाढतील का?

पहिल्या दहा-पंधरा दिवसांत तरी जास्त आशा ठेवू नका. चरबी पचायला पित्त लागतं आणि चरबी फोडणारा लायपेज हा रस लागतो, लहान पिल्लात दोन्ही कमी. गंमत बघा, जे पिल्लू २१ दिवस बलकातली चरबी जाळून वाढलं त्याच पिल्लाला तोंडानं खाल्लेली चरबी नीट पचत नाही, कारण बलक थेट रक्तात जायची वाट वेगळी होती आणि आतड्याची वाट अजून तयार व्हायचीय.

त्यातही फरक आहे. सोयाबीन तेलासारखी पातळ तेलं पिल्लाला त्यातल्या त्यात बरी पचतात. जनावराची घट्ट चरबी पहिल्या आठवड्यात पुष्कळशी विष्ठेतून तशीच बाहेर पडते, तीन आठवड्यांनंतर तीच बऱ्यापैकी पचायला लागते. म्हणून तेलाचं प्रमाण फिनिशरमध्ये, म्हणजे शेवटच्या टप्प्याच्या खाद्यात वाढवतात.

पोत्यावर जी एनर्जी लिहिलेली असते ती सगळ्या वयाला तेवढीच मिळते का?

नाही. कच्च्या मालाची एनर्जी पूर्वीपासून बऱ्याचदा मोठ्या कोंबड्यांवर मोजत आलेत, म्हणजे त्याला मोजून खायला द्यायचं, विष्ठा गोळा करायची आणि वजाबाकी करायची. मोठ्या कोंबड्याचं आतडं तयार असतं, आंधळ्या आतड्यातले जिवाणू थोडाफार कोंडाही आंबवून त्यातून शक्ती काढून देतात. पिल्लाकडं हे काहीच नसतं. त्यामुळं तांदळाचा कोंडा, सूर्यफुलाची पेंड, भुसा जास्त असलेला भरडा यातून मोठ्या पक्ष्याला जे मिळतं त्यापेक्षा पिल्लाला बरंच कमी मिळतं. घरी खाद्य बनवणाऱ्यांनी स्वस्त कोंडा घालायचा असेल तर तो वाढत्या तलंगांसाठी (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या) आणि मोठ्यांसाठी ठेवावा, पिल्लांना मका, सोया पेंड आणि तांदळाची कणी.

शेवटच्या आठवड्यात एफसीआर, म्हणजे एक किलो वजन वाढायला किती किलो खाद्य लागलं तो आकडा, का बिघडतो? खाद्य तर तेच असतं.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात, म्हणून जरा सविस्तर.

आधी घरखर्च समजून घ्या. पक्षी वाढो न वाढो, श्वास, रक्ताभिसरण, अंगाची ऊब, चालणं-फिरणं याला रोज शक्ती लागते. हा खर्च वजनाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, थोडा कमी वेगानं वाढतो. ४० ग्रॅमचं पिल्लू दोन किलोचं झालं म्हणजे वजन पन्नासपट झालं, तर घरखर्च साधारण एकोणीसपट होतो. मग मोठा पक्षी स्वस्त पडायला पाहिजे ना? पडला असता, पण वाढ त्याहून जोरात मंदावते. पहिल्या आठवड्याच्या शेवटी पिल्लू रोज आपल्या वजनाच्या सोळा-सतरा टक्के वाढतं. सव्वादोन किलोचा पक्षी रोज नव्वद ग्रॅम वाढला तरी ते चारच टक्के झाले. घरखर्च मात्र रोज आधी वळता होतो. पिल्लाच्या घासातला मोठा वाटा वाढीला जातो, मोठ्याच्या घासातला मोठा वाटा त्याला आहे तसं ठेवण्यात जातो.

दुसरं कारण म्हणजे काय बांधलं जातंय ते. लहानपणी वाढ होते ती हाडं, आतडी, मांस यांची, आणि मांसात तीन-चतुर्थांश पाणीच असतं. एक ग्रॅम प्रोटीन बसलं की त्याबरोबर तीन-एक ग्रॅम पाणी फुकट येतं. चरबी बसते ती जवळपास कोरडी, आणि एक ग्रॅम चरबीत नऊ कॅलरींच्या वर शक्ती साठलेली असते, प्रोटीनमध्ये साडेपाचच्या आसपास. म्हणजे काट्यावर एक ग्रॅम मांस वाढवण्यापेक्षा एक ग्रॅम चरबी वाढवायला कितीतरी जास्त खाद्य लागतं. आणि वय वाढेल तसा वाढीतला चरबीचा वाटा वाढतो, मादीत नरापेक्षा जास्त. पोटातल्या ज्या पिवळ्या चरबीच्या गाठी चिकनवाला काढून टाकतो ते आपलंच खाद्य असतं.

म्हणून पहिल्या आठवड्यात एफसीआर एकच्या आसपास किंवा खालीसुद्धा दिसतो, आणि सहाव्या आठवड्यात पक्षी रोज पावणेदोनशे-एकशेऐंशी ग्रॅम खाऊन नव्वद ग्रॅम वाढतो, म्हणजे त्या आठवड्याचा एफसीआर दोन. बॅचचा सगळा मिळून दीड-पावणेदोन दिसतो तो सुरुवातीच्या स्वस्त दिवसांमुळं. लिफ्टिंग, म्हणजे तयार पक्षी उचलून नेणं, चार-पाच दिवस लांबलं की जीव का वरखाली होतो ते आता कळलं असेल, कारण तो एकेक दिवस बॅचमधला सगळ्यात महाग दिवस असतो.

मग शेवटपर्यंत जास्त प्रोटीन दिलं तर चरबी न होता मांसच होईल ना?

थोडंफार होतं, पण जरुरीपेक्षा जास्त दिलेलं प्रोटीन कोंबडी साठवून ठेवू शकत नाही. त्यातला नायट्रोजन तिला युरिक अॅसिड करून बाहेर टाकावा लागतो, विष्ठेवरचा पांढरा थर दिसतो ना, तोच. ते बनवायलाही शक्ती खर्च होते, मूत्रपिंडावर ताण येतो, पाणी जास्त पितात, तूस ओलं होतं, अमोनियाचा वास डोळ्यांत जातो.

बीआयएसच्या (भारतीय मानक ब्यूरो) २००७ च्या मानकात ब्रॉयलरसाठी प्री-स्टार्टरला २३ टक्के प्रोटीन आणि किलोमागं ३,००० किलोकॅलरी, स्टार्टरला २२ आणि ३,१००, फिनिशरला २० आणि ३,२०० असं धरलंय. वयाबरोबर प्रोटीन खाली आणि एनर्जी वर का जाते त्याचं कारण वरच्याच उत्तरात आहे. मोठ्या पक्ष्याला घरखर्चाला शक्ती हवी असते आणि ती मक्यातून-तेलातून स्वस्तात मिळते, प्रोटीन जाळून ती शक्ती काढणं म्हणजे सागवान चुलीत घालणं. मात्र लायसिन, मिथिओनिन या प्रोटीनमधल्या घटकांचा तोल शेवटपर्यंत सांभाळावा लागतो, नुसता टक्का बघून पेंड वाढवू नका.

खाद्य बदलताना एकदम बदललं तर?

दोन-तीन दिवस मिसळून द्या. पाचक रस खाद्याप्रमाणं जुळवून घेतात, पण त्याला थोडा वेळ लागतो.

उन्हाळ्यात मोठेच पक्षी का मरतात, पिल्लांना तर तेवढ्यात काही होत नाही?

कारण मोठा पक्षी स्वतःच एक शेगडी असतो. खाल्लेलं पचवताना आणि मांस बांधताना उष्णता तयार होते, जितकं जास्त खाणं आणि जितकी जोरात वाढ तितकी उष्णता जास्त. वजन वाढतं त्या मानानं अंगाचा पृष्ठभाग वाढत नाही, वर पिसांचं जाड पांघरूण, आणि कोंबडीला घाम येत नाही, तोंड उघडून धापा टाकणं एवढाच उपाय. ज्या ९५ फॅरेनहाइटला पिल्लू सुखानं पेंगतं त्याच उष्म्यात दोन किलोचा पक्षी पंख पसरून धापा टाकतो. आमच्या भागात एप्रिल-मेमध्ये, आणि विदर्भ-मराठवाड्यात तर त्याहून, दुपारी बारा ते चार ही वेळ जीवघेणी असते.

खाल्ल्यावर चार-सहा तासांनी पचनाची उष्णता जोरात असते. म्हणून सकाळी नऊ-दहाला भांडी वर उचलायची आणि ऊन उतरल्यावर खाली सोडायची, पहाटे आणि रात्री मनसोक्त खाऊ द्यायचं. गार पाणी मात्र चोवीस तास. चरबी पचवताना पिठुळापेक्षा (धान्यातला स्टार्च) कमी उष्णता निघते आणि प्रोटीन पचवताना सगळ्यात जास्त, म्हणून उन्हाळ्याच्या फिनिशरमध्ये थोडं तेल वाढवणं आणि फाजील प्रोटीन कमी करणं उपयोगी पडतं. पंधरा दिवसांच्या आतल्या पिल्लांचं खाद्य दुपारी काढायची गरज नाही.

थंडीत तीन-चार आठवड्यांच्या पक्ष्यांच्या पोटात पाणी होतं ते खाद्यामुळं का?

खाद्य, थंडी आणि कोंडलेली हवा, तिन्ही मिळून. त्या वयात वाढ जोरात असते, त्याला ऑक्सिजन लागतो, थंडीत ऊब धरायला आणखी लागतो, आणि फुप्फुस-हृदय त्या मानानं लहानच असतं. त्यात आपण पडदे गच्च बांधतो. पडदा वरून हातभर उघडा ठेवा.

माझ्या तलंगा बारा आठवड्यांच्या आहेत, लवकर अंडी देतील म्हणून आत्ताच लेअर फीड चालू करू का?

नको. हात जोडून सांगते, नको.

लेअरच्या आमच्या दुसऱ्या लॉटला मी ही चूक केली. ग्रोअरची, म्हणजे वाढत्या तलंगांच्या खाद्याची पोती संपली होती, लेअरची शेडमध्ये पडून होती, म्हटलं चांगलंच खाद्य आहे, जास्तच ताकदीचं आहे. तीन आठवडे दिलं. पुढं पक्षी सुकत गेले, पांढरी पातळ विष्ठा, रोज दोन-चार मरायला लागले. डॉक्टरांनी पोट उघडून दाखवलं तर मूत्रपिंडं सुजलेली आणि हृदयावर, यकृतावर खडूची भुकटी मारल्यासारखा पांढरा थर. गाऊट. त्या लॉटचा हिशेब अजून डोळ्यासमोर आहे.

कारण सरळ आहे. लेअर फीडमध्ये साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असतं, वाढत्या तलंगेला एक टक्का पुरतं. अंड्यावरच्या कोंबडीला तो चुना टाकायला जागा असते, रोजचं टरफल. बारा आठवड्यांच्या तलंगेला ती जागाच नाही, मग सगळा भार मूत्रपिंडावर. आणि मूत्रपिंड एकदा गेलं की युरिक अॅसिड बाहेर पडत नाही, ते आतल्या अवयवांवर साचतं.

तलंगेच्या वयात लक्ष सांगाड्याकडं द्यायचं. बारा-तेरा आठवड्यांपर्यंत तिचा सांगाडा जवळपास ९५ टक्के पूर्ण झालेला असतो. पहिल्या सहा आठवड्यांत प्रोटीनची काटकसर केली तर चौकट लहान राहते, आणि नंतर कितीही खाऊ घातलं तरी लहान चौकटीवर चरबी चढते, चौकट मोठी होत नाही.

मग लेअर फीड नक्की कधी?

पहिल्या अंड्याच्या दोन आठवडे आधीपासून कॅल्शियम वाढवायला सुरुवात करायची, आधी दोन-अडीच टक्क्यांचं प्री-लेअर आणि अंडी दिसायला लागली की पूर्ण लेअर फीड. आठवडे मोजण्याबरोबर तुरा बघा, तो लाल आणि मोठा व्हायला लागला की आत काम सुरू झालं म्हणायचं. इस्ट्रोजेन वाढतं, त्याच्या जोरावर लांब हाडांच्या पोकळीत एक वेगळंच मऊ हाड तयार होतं, ते म्हणजे चुन्याची पेटी. रात्री टरफल बनताना आतड्यातला चुना कमी पडला की या पेटीतून उचल होते आणि दिवसा परत भरलं जातं. त्याच वेळी यकृतही मोठं होतं, कारण बलकातली चरबी यकृतातच तयार होते आणि एका अंड्यात ती पाच-सहा ग्रॅम जाते.

अंड्यावरची कोंबडी जे खाते त्यातलं अंड्यात किती जातं?

दीड किलोची लेअर रोज ११० ग्रॅम खाते, किलोला २,६०० किलोकॅलरीचं खाद्य धरलं तर दिवसाला साधारण २८५. त्यातला निम्म्याहून जास्त भाग घरखर्चाला जातो. अंड्यात नव्वदच्या आसपास उतरतात, आणि अंडं बनवण्याच्या कामात थोड्या उष्णता होऊन जातात. म्हणून अंडी बंद केलेली कोंबडी खाणं अर्धं करत नाही, घरखर्च चालूच राहतो.

कोंबड्या जुन्या झाल्या की अंडी मोठी होतात पण टरफल का फुटतं?

एका टरफलात दोन-सव्वादोन ग्रॅम कॅल्शियम असतं आणि कोंबडी जन्मभर जवळपास तेवढंच घालू शकते. सुरुवातीचं अंडं पन्नास ग्रॅमच्या आतबाहेर, सत्तर आठवड्यांनंतर पासष्टला टेकतं, म्हणजे तेवढाच चुना मोठ्या भिंतीला पुरवायचा, थर पातळच होणार. त्यात म्हातारपणी आतड्यातून कॅल्शियम कमी शोषलं जातं, कारण व्हिटॅमिन डी३ ला कामाचं रूप मूत्रपिंडात मिळतं आणि ते काम वयाबरोबर मंद होतं. वर्षभर चुन्याची पेटी रिकामी-भरती करून हाडंही ठिसूळ झालेली असतात.

उपाय तिन्ही बाजूंनी करायचा. कॅल्शियम चार टक्क्यांच्या जवळ किंवा थोडं वर न्या, फॉस्फरस उलट थोडं कमी, आणि मिथिओनिन-तेल जास्त देऊन अंडं आणखी मोठं करू नका. उन्हाळा असेल तर टरफल आणखी बिघडतं, कारण धापांमधून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि टरफलाला लागणारं कार्बोनेट कमी पडतं.

शिंपले संध्याकाळीच का द्यायचे?

टरफल बनायला वीस-एक तास लागतात आणि त्यातला मोठा भाग रात्री, कोंबडी उपाशी झोपलेली असताना. बारीक चुनखडी पोटातून लवकर निघून जाते, जाड शिंपल्याचा तुकडा पेषणीत (दाणे दळणारं पोट) बसून रात्रभर हळूहळू विरघळत राहतो. दोन ते चार मिलिमीटरचा तुकडा असावा. म्हाताऱ्या कोंबड्यांना तर संध्याकाळचे शिंपले चुकवूच नका.

अंडी देणारी, चांगली धष्टपुष्ट कोंबडी सकाळी मेलेली सापडली, पोटात रक्त होतं. काय झालं असेल?

बऱ्याचदा यकृतात चरबी साठून ते फुटलेलं असतं, मोठ्या वयाच्या आणि पिंजऱ्यातल्या, फिरायला न मिळणाऱ्या कोंबड्यांत जास्त. अंडी कमी झाली तरी खाणं तेच, यकृत चरबी बनवतच राहतं आणि ती बाहेर न्यायला अंडं नाही. नुसता मका टाकणाऱ्यांच्या परसातही हे दिसतं. मका कमी करा, खाद्याचा तोल सांभाळा, कोलीन आणि व्हिटॅमिन ई आहे का बघा. आणि डॉक्टरांना मेलेला पक्षी दाखवा, कारण अचानक मरतूक रोगानंही होते.

पिसं झडताना काय द्यावं?

पिसं म्हणजे जवळपास सगळं प्रोटीन, त्यात गंधक असलेले मिथिओनिन आणि सिस्टिन भरपूर. अंडी बंद आहेत म्हणून कोंडा-कणी टाकली तर नवी पिसं यायला वेळ लागतो. सोयाबीन पेंड, तीळ किंवा तिळाची पेंड, थोडी सुकट असं द्या, शिंपले कमी चालतील. पिसं झडून परत अंड्यावर याव्यात म्हणून कोंबड्यांना मुद्दाम उपाशी ठेवतात ते मात्र करू नका, तो क्रूरपणा आहे आणि कायद्यातही बसत नाही.

खुडूक कोंबडी एवढे दिवस धड खात नाही, तरी जगते कशी?

साठवलेल्या चरबीवर. अंगात प्रोलॅक्टिन वाढलेलं असतं, त्यानं भूक मंदावते, अंडी बंद होतात, हालचाल थांबते, घरखर्चही उतरतो. दिवसातून एकदा उठते, घाईनं चार दाणे, पाणी, मोठी विष्ठा आणि परत अंड्यांवर. २१ दिवसांत चांगलीच हलकी होते. म्हणून कोवळी, पहिल्याच वर्षाची बारीक तलंग खुडूक बसवू नये, दुसऱ्या वर्षाची भरलेली कोंबडी बसवावी, सासूबाई नेहमी असंच करायच्या. आणि दाणा-पाणी दोन पावलांवर ठेवावं.

गावरान पिल्लांना ब्रॉयलरचं खाद्य दिलं तर ती पण चाळीस दिवसांत तयार होतील?

नाही होणार. कॅनडात अल्बर्टा विद्यापीठानं २०१४ मध्ये एक तुलना छापली, १९५७ ची जुनी जात, १९७८ ची आणि २००५ ची, तिघांना एकच खाद्य. ५६ व्या दिवशी वजनं आली ९०५ ग्रॅम, १,८०८ ग्रॅम आणि ४,२०२ ग्रॅम. खाद्य तेच, वय तेच, फरक सगळा रक्तातला. गावरान पक्षी त्या सगळ्यात जुन्यापेक्षाही सावकाश वाढतो, त्याला फिनिशर दिलं तर उरलेली एनर्जी चरबीत जाते आणि पैसे वाया. पहिला महिनाभर चांगलं स्टार्टर द्या, कारण पिल्लाचं आतडं गावरानचं असलं तरी कच्चंच असतं, पुढं कमी ताकदीचं खाद्य आणि मोकळं चरणं. वनराज, गिरीराज या मधल्या जाती, त्यांना गावरानपेक्षा थोडं जास्त दिवस स्टार्टर.

आमच्याकडं एकाच खुराड्यात पिल्लं, तलंगा, अंड्यावरच्या, म्हातारी आणि कोंबडा असे सगळे एकत्र आहेत. प्रत्येकाला वेगळं कसं घालणार?

वेगळं घालायची गरज नाही, जोडून घ्या. सगळ्यांना मिळून कमी कॅल्शियमचं ग्रोअर खाद्य ठेवा, किंवा घरचा भरडा, मका-ज्वारी-बाजरी आणि पेंड. शिंपले वेगळ्या खापरात. अंड्यावरची कोंबडी संध्याकाळी स्वतः जाऊन टिपते, तिला चुन्याची भूक वेगळी लागते, कोंबडा आणि तलंगा त्या खापराकडं सहसा फिरकत नाहीत. सगळ्यांना लेअर फीड घातलं की हा निवडायचा हक्क तुम्ही काढून घेता आणि कोंबड्याचं, पिल्लांचं मूत्रपिंड पणाला लागतं.

पिल्लांचं तेवढं राखून ठेवावं लागतं, नाहीतर मोठ्या कोंबड्या त्यांचं स्टार्टर दोन मिनिटांत संपवतात. जुनं डालगं पालथं घालायचं, खाली चार विटा लावून चार बोटं उचलायचं आणि आत स्टार्टरची ताटली आणि उथळ पाणी ठेवायचं. पिल्लं खालून आत-बाहेर करतात, आई बाहेर बसून राहते. आमच्याकडं पाचव्या आठवड्याला पिल्लांची पाठ डालग्याला अडायला लागते, तेव्हा डालगं उचलते आणि त्यांना मोठ्यांच्या भांड्यावर सोडते.